आई-बाबांना पॅरिस दाखवू, की परवडणारं शहर?

पत्राचा सारांश

बर्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीने लिहिलं आहे. तिचे आई-बाबा कोल्हापूरजवळच्या एका गावातून अडीच महिन्यांसाठी तिच्याकडे आले आहेत. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. आई पासष्टीची, गुडघे दुखणारी, शाकाहारी, अंडंही न खाणारी. जूनमध्ये तिला आणि तिच्या नवऱ्याला एकत्र चार दिवसांची सुट्टी मिळते आहे. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते चालू असल्याने चौघांचा सगळा खर्च हजार-बाराशे युरोंत बसवायचा आहे. बाबा एकदा ‘पॅरिस’ म्हणाले. आई म्हणते, कुठेच नको. नवऱ्याने प्राग, बुडापेस्ट, क्राकोव, सोफिया असा तक्ता केला आहे आणि जमलं तर चार दिवसांत दोन शहरं करू म्हणतो. मैत्रिणीला मात्र वेगळंच सलतं आहे: “माझ्या शिक्षणासाठी बाबांनी जमीन विकली आणि मी त्यांना स्वस्त पडतं म्हणून कुठेतरी नेणार?” पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न आहे. आई प्रत्येक युरोला शंभराने गुणते. तिला खर्चाचा खरा आकडा सांगायचा का?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. चार माणसं, चार दिवस, बाराशे युरो, तर जावं कुठे, हा एक. बाबांनी विकलेल्या जमिनीची परतफेड कशी करावी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी सविस्तर देते. दुसरा मात्र या सहलीवर लादू नका, असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. ऋण फेडायला म्हणून शहर निवडलं, की तिथे पडलेला पाऊस, लागलेली रांग, बेचव निघालेलं जेवण, सगळं तुम्हाला स्वतःचा अपराध वाटायला लागेल. तुमचा तो ताण आई-बाबांना तुमच्या तोंडाकडे बघून कळेल आणि मग तेच तुमची समजूत काढत बसतील. बाबांनी जमीन विकली ती तुम्ही शिकावं म्हणून. तुम्ही शिकलात, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलात. त्यांना हवं होतं ते मिळालेलं आहे.

आता पॅरिसचं. तुम्ही लिहिता, बाबा ‘एकदा’ पॅरिस म्हणाले. त्यांना नक्की काय बघायचं आहे, हे कुणी विचारलं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. युरोपला जातोय म्हटल्यावर गावातल्या माणसांनी ‘मग आयफेल टॉवर बघणार असाल’ असं म्हटलं असेल, आणि तेच नाव त्यांच्या तोंडी आलं असेल. किंवा खरंच त्यांच्या मनात तो टॉवर लहानपणापासून असेल. या दोन्हींत फार फरक आहे आणि तो विचारल्याशिवाय कळणार नाही. ‘बाबा, कुठे जायचं?’ असं विचारलं तर उत्तर येईल, ‘तुम्ही न्याल तिथे’. म्हणून वेगळं विचारा. ‘पॅरिसला गेल्यावर पहिलं काय बघायचं तुम्हाला?’ ते क्षणभरही न थांबता काही सांगू लागले, डोळ्यांत चमक दिसली, तर तक्ता बाजूला ठेवा आणि पॅरिसलाच जा.

तेही तुमच्या बजेटबाहेरचं आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२४ पासून बर्लिनहून पॅरिसला थेट रेल्वे आहे, साधारण आठ तासांची. तिकीट आधी काढलं तर बऱ्यापैकी दरात मिळतं. चार दिवसांतला एक जायला, एक यायला. मध्ये दोन पूर्ण दिवस आणि तीन रात्री. टॉवरवर चढायलाच हवं असं नाही. नदीपलीकडच्या त्रोकादेरोच्या गच्चीवरून आणि खालच्या शाँ-द-मार्स मैदानातून तो फुकट दिसतो, आणि अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो. सेन नदीतली तासाभराची बोट घ्या. गुडघे न दुखवता बसल्या जागी निम्मं शहर दिसतं. लूव्र मात्र या वेळी सोडा. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांना तिथलं तिकीट ३२ युरो झालं आहे, आणि एवढ्या मोठ्या संग्रहालयात आईचे पाय पहिल्या तासातच भरून येतील. राहण्याचा खर्च मात्र क्राकोव-बुडापेस्टच्या मानाने बराच जास्त असेल, तेव्हा बाहेरचं जेवण कमी करावं लागेल. बाबांची इच्छा खरी असेल तर तेवढं करावं.

पण बाबा म्हणाले, ‘तसं काही नाही गं, लोक विचारतात म्हणून’, तर पॅरिस डोक्यातून पूर्ण काढून टाका. ‘परवडत नाही म्हणून दुसरीकडे’ अशा पडेल मनाने पुढचं शहर निवडू नका.

तुमच्या नवऱ्याने तक्ता केला, हे मला आवडलं. घरात कुणीतरी आकडे मांडणारं हवंच. पण त्यात हॉटेलचा दर आणि विमानाचं तिकीट एवढेच रकाने असतील तर तो अपुरा आहे. कमी दिवसांच्या सहलीत पैसे जातात ते घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत. पहाटेचं स्वस्त विमान घेतलं तर विमानतळावर जायला टॅक्सी लागते, कारण आईला रात्री अडीचला उठवून एस-बान, म्हणजे इथली लोकल, बदलत नेता येत नाही. चार माणसांच्या बॅगांचे पैसे वेगळे. काही स्वस्त कंपन्या शहराचं नाव सांगून दूरच्या विमानतळावर उतरवतात. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब आहे. काही कंपन्यांमध्ये युरोपाबाहेरचा पासपोर्ट असलेल्यांना सुरक्षा तपासणीच्या आधी काउंटरवर कागदपत्रं दाखवावी लागतात, म्हणजे आणखी एक रांग. हे सगळं मांडलं की वीस-तीस युरोंचं तिकीट तेवढ्याचं राहत नाही. शिवाय चारातला दीड दिवस विमानतळावर जातो, ती किंमत तक्त्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून मी त्या तक्त्यात पहिला रकाना घालेन तो ‘आई किती तास बसून, किती तास चालून’ असा. मग शहरांकडे बघेन.

बल्गेरियाची राजधानी सोफिया खरोखर स्वस्त आहे. बल्गेरिया २०२५ च्या सुरुवातीपासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे आला आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरोही चालतो, त्यामुळे पैसे बदलण्याचीही कटकट नाही. पण बर्लिनहून विमानाशिवाय सोय नाही. तुम्हा दोघांना सहा दिवस मिळाले तर कधीतरी जरूर जा.

प्रागला बर्लिनहून रेल्वेने साडेचार तासांच्या आत पोचता येतं आणि एल्बे नदीच्या काठाकाठाने जाणारा तो रस्ता अतिशय सुंदर आहे. पण जुन्या शहराच्या आसपास प्राग आता स्वस्त राहिलेलं नाही. जूनमध्ये चार्ल्स पुलावर माणसांचा लोंढा असतो, फरसबंदी खडबडीत आहे आणि किल्ला चढावर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी जूनमध्ये तिथे नेणार नाही. नोव्हेंबरात, तुम्ही दोघंच असाल तर, वेगळी गोष्ट.

बुडापेस्टबद्दल मात्र मला जरा थांबावंसं वाटतं, कारण चालवत नाही अशा माणसासाठी ते फार चांगलं शहर आहे. डॅन्यूबच्या काठाने जाणारी दोन नंबरची ट्राम साध्या तिकिटात संसद भवन, पूल, पलीकडचा किल्ला असं सगळं खिडकीतून दाखवते. १८९६ साली सुरू झालेली तिथली पहिली मेट्रो जमिनीच्या अगदी थोडी खाली धावते. आणि १९१३ पासून चालू असलेलं सेचेनी स्नानगृह, जिथे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यात म्हातारीकोतारी माणसं तासन्‌तास बसतात. आईच्या गुडघ्यांना बरं वाटेल. पण पोहण्याचे कपडे घालून परक्या स्त्री-पुरुषांबरोबर पाण्यात उतरायला तुमची आई तयार होईल का, हे तुम्हालाच माहीत. ती संकोचणार असेल तर बुडापेस्टचं अर्धं आकर्षण गेलं, आणि रेल्वेने बर्लिनपासून ते अकरा तासांच्या आसपास आहे. तुमच्या चार दिवसांत बसत नाही. व्हिएन्नात किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्यांनी मात्र बुडापेस्टचा आधी विचार करावा.

राहिलं क्राकोव. अख्खी दुनिया पोलंडसाठी क्राकोवचंच नाव घेईल आणि ते आहेही देखणं. तेराव्या शतकातला भव्य चौक, मधोमध जुना कापडबाजार, जुन्या तटाच्या जागी शहराभोवती लावलेली बाग आणि तिच्यात बाकंच बाकं. पण बर्लिनहून रेल्वेने सात तासांहून जास्त लागतात. शिवाय क्राकोवला गेलं की दोन गोष्टी आपोआप यादीत येतात. वियेलिच्काची मिठाची खाण, जिथे एकूण सुमारे आठशे पायऱ्या आहेत आणि पहिल्याच उताराला साडेतीनशेहून जास्त. ती आईसाठी नाही. आणि ऑश्वित्झ, नाझींची छळछावणी. तिथे जावंच, पण ज्याला जायचं आहे त्याने, आधी ठरवून, मनाची तयारी करून. सुट्टीच्या चार दिवसांत, गाडी मिळतेय म्हणून म्हाताऱ्या आई-बाबांना उरकून आणायची ती जागा नव्हे.

माझी निवड तुमच्या तक्त्यात नाहीच. ती आहे वॉर्सा. फक्त वॉर्सा, दुसरं शहर न जोडता.

पोलंडच्या राजधानीला सुट्टीसाठी म्हणून फारसं कुणी जात नाही, आणि तुमच्या दृष्टीने ते बरंच आहे. बर्लिनहून थेट रेल्वेने पाच-सहा तास, पोझनानवरून. उतरायचं ते शहराच्या ऐन मध्यावर. ज्यांनी आयुष्य एसटीच्या वेळापत्रकात काढलं त्या बाबांना खिडकीशी बसवा, स्टेशनांची नावं आणि वेळा हातात द्या. त्यांचा तो दिवस प्रवासात फुकट गेला असं होणार नाही. शहर बहुतेक सपाट आहे, मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत, नव्या ट्राम जमिनीलगतच्या आहेत. सत्तरीपुढच्या माणसाला वयाचा फोटोसह पुरावा जवळ असेल तर शहरातल्या ट्राम-बस-मेट्रोला तिकीट लागत नाही. बाबांचा पासपोर्ट पुरेल.

बघायचं काय? पहिल्या दिवशी संस्कृती आणि विज्ञान भवन. १९५५ मध्ये उघडलेली ही सोव्हिएत धाटणीची उंच इमारत, तिसाव्या मजल्यावर लिफ्टने जायचं, ११४ मीटरवरून चहूबाजूंनी शहर बघायचं. दुसऱ्या दिवशी जुनं शहर. आता हे ‘जुनं’ शहर दुसऱ्या महायुद्धात जवळपास संपूर्ण जमीनदोस्त झालं होतं. युद्धानंतर लोकांनी ते पुन्हा उभारलं, तेही अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराने काढलेल्या चित्रांचा आधार घेत. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं ते या पुनर्बांधणीसाठी. पंचगंगेच्या महापुरानंतर घरं पुन्हा उभी करणारी माणसं बाबांनी पाहिली आहेत. त्यांना यातलं मोठेपण समजावून सांगावं लागणार नाही. पोलंडमधल्या बहुतेक सार्वजनिक संग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस कायमस्वरूपी दालनं मोफत असतात. तो वार बघून जुन्या शहराजवळच्या राजवाड्याचं ठरवा.

रविवार मध्ये येईल अशा तारखा घ्या, त्याचं कारण लाझिएन्की बाग. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर तिथे दर रविवारी दुपारी बारा आणि चार वाजता पोलिश संगीतकार शोपँच्या पुतळ्यापाशी पियानोवादन होतं, उघड्यावर आणि विनामूल्य. १९५९ पासून ही प्रथा चालू आहे. भोवती गुलाबाचे ताटवे, बागेत मोर, गवतावर डबा उघडून बसलेली कुटुंबं. सतरंजी न्या, आईसाठी बाकावर जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी जा. पाश्चात्त्य संगीतातलं कळायला हवं असं काही नाही. चौघंजण दोन तास काहीही न करता एकमेकांजवळ बसाल, आणि माझ्या मते तुमच्या सहलीत एवढा एक कार्यक्रम पक्का असला तरी चालेल.

आणि एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या आई-बाबांसाठी वॉर्साला इतर सगळ्या शहरांहून वेगळं करते. आई-बाबा कोल्हापूरकडचे आहेत म्हटल्यावर गांधीनगरच्या कापडबाजारात लग्नाचे बस्ते बांधायला कितीदा तरी गेले असतील. ते गांधीनगर वसलं ते वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या जागेवर. १९४० च्या सुमारास सोव्हिएत राजवटीने लाखो पोलिश लोकांना घरादारातून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेलं होतं. तिथून सुटलेली माणसं इराणमार्गे निघाली आणि त्यांतली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका, मुलं आणि वृद्ध, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ती गेल्यावर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्याच जागी संसार मांडले. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन आदरांजली वाहिली, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले होते. नवानगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, त्यांच्या नावाचाही एक चौक वॉर्सात आहे. तिथले लोक त्यांना ‘भला महाराजा’ म्हणतात.

स्मारक बघायला अर्धा तास पुरेल. तेवढ्यासाठी कुणी सहाशे किलोमीटर जाऊ नये, आणि बाबा भारावून जातील अशी अपेक्षाही आधी करून ठेवू नका. पण गावी परतल्यावर ‘आयफेल बघितला का?’ असं कुणी विचारलं, तर त्यांच्याकडे सांगायला स्वतःच्या मुलखाची गोष्ट असेल. तुम्हाला ‘स्वस्त म्हणून नेलं’ याची जी भीती वाटते आहे तिला माझं खरं उत्तर हे आहे. ज्या शहराशी तुमच्या माणसांचं काहीतरी नातं लागतं, त्याची किंमत हॉटेलच्या दरावर ठरत नाही. इतर वाचकांनीही आपापल्या माणसांसाठी असा धागा शोधावा. कुणाच्या वडिलांनी कारखान्यात जर्मन यंत्रावर हयात काढली असेल, कुणाच्या सासूबाईंना बागकामाचं वेड असेल. यादीतल्या पहिल्या दहा शहरांपेक्षा तो धागा जास्त कामाचा.

आता आईच्या ‘कुठेच नको’ विषयी. तुम्ही ते काटकसर म्हणून धरून चालला आहात. असेलही. पण या वयाच्या बायका ‘नको’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यामागे अगदी साध्या धास्ती असतात, ज्या त्या मुलीजवळही बोलत नाहीत. लघवीला लागली तर कुठे जायचं? खायला काही मिळालं नाही तर? मी मागे पडले तर सगळ्यांचा खोळंबा? हे त्यांनी विचारायची वाट न बघता तुम्हीच आधी सांगून टाका. स्वच्छतागृहासाठी सुट्टी नाणी तिच्या पर्समध्ये घालून ठेवा. पोलंडमध्ये दारावर नुसता गोल असेल तर ते बायकांचं आणि त्रिकोण असेल तर पुरुषांचं, एवढं सांगितलं की ती एकटीही जाऊ शकेल. दर दीड तासाला बसायचं, हे तिच्यासाठी म्हणून न सांगता सगळ्यांचा नियम म्हणून ठरवा. आणि हेही ऐकायची तयारी ठेवा की तिला खरोखरच कुठे जायचं नसेल. तुम्ही दिवसभर ऑफिसात असता. तिला कदाचित चार दिवस तुम्ही घरात हव्या असाल. तसं निघालं तर एक दिवस पोट्सडॅम, एक दिवस ड्रेस्डेन आणि दोन दिवस घरी, ही सुट्टी वाया गेली असं कृपा करून समजू नका.

जेवणासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घ्या, मेट्रो किंवा ट्रामच्या थांब्यापासून पाच मिनिटांच्या आत. शहराबाहेरचं घर वीस युरोंनी स्वस्त दिसतं आणि संध्याकाळी थकलेल्या चौघांची टॅक्सी ते वीस युरो परत घेते. इमारतीला लिफ्ट आहे ना, हे घरमालकाला लेखी विचारा. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणचं एवढं बर्लिनहून न्या. सकाळी पोटभर घरी, रात्री खिचडी घरी आणि दुपारचं एकच जेवण बाहेर. त्यासाठी पोलंडची खास सोय म्हणजे ‘बार म्लेच्नी’, आपण दूध-बार म्हणू. दारूशी संबंध नाही. साधं घरगुती जेवण अगदी माफक दरात देणाऱ्या या खानावळी आहेत, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. तिथे बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेले पिएरोगी मिळतात. आकार आपल्या करंजीचा, पण उकडलेले. आईला चालतील, मात्र दोन गोष्टी विचाराव्या लागतील. पिठात अंडं आहे का आणि वरून डुकराच्या चरबीची फोडणी घालतात का. बिटाचं सूपही पुष्कळदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. ‘मांस नको, अंडं नको, चरबी नको’ हे पोलिशमध्ये मोठ्या अक्षरांत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. वॉर्सात पूर्ण शाकाहारी आणि व्हीगन हॉटेलंही भरपूर आहेत, तेव्हा उपाशी राहायची वेळ येणार नाही. दूध-भाजी मात्र शनिवारीच आणून ठेवा. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. जूनमधल्या गुरुवारी येणारी कॉर्पस क्रिस्टीची सार्वजनिक सुट्टी त्याच आठवड्यात पडते का, तेही बघा.

पैसे झ्लॉटीत, म्हणजे पोलंडच्या चलनात, लागतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. यंत्राने ‘युरोत घेऊ की झ्लॉटीत?’ असं विचारलं तर कायम झ्लॉटी म्हणा. युरो निवडले की बदलाचा दर त्यांचा लागतो आणि तो महाग असतो. विमानतळावर किंवा स्टेशनात नोटा बदलू नका.

कागदपत्रांचं थोडं, पण नीट वाचा. आई-बाबांचा जर्मन शेंगेन व्हिसा पोलंडलाही चालतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी शेंगेन देशांमध्ये फिरल्याने तो संपत नाही. पण स्वस्त म्हणून कुणी बेलग्रेड, साराएव्हो किंवा तिराना सुचवलं तर सावध राहा. ती शहरं शेंगेनबाहेर आहेत, आणि एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर तिकडे गेलं की परत जर्मनीत येता येणार नाही. लंडन-डब्लिनचंही तेच, शिवाय तिथे वेगळा व्हिसा. रेल्वेने जाताना चौघांचे पासपोर्ट, तुमची राहण्याची परवानगी आणि आई-बाबांच्या विम्याचे कागद बॅगेत वर ठेवा. जर्मनीने २०२३ पासून आणि पोलंडने जुलै २०२५ पासून या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. गाडीत गणवेशातली माणसं पासपोर्ट मागायला आली की आई घाबरेल, म्हणून तिला आधीच सांगून ठेवा. बाबांच्या नेहमीच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या.

नवऱ्याला ‘दोन शहरं’ सोडायला लावणं कदाचित सगळ्यात अवघड जाईल. त्याला सांगा की दुसरं शहर जोडलं की एक संपूर्ण दिवस सामान बांधण्यात, स्टेशनावर आणि नवं घर शोधण्यात जातो, आणि तो दिवस सगळ्यात महाग असतो. त्याच्या तक्त्यात हे बसेल. तुम्हा दोघांची क्राकोवची सहल आई-बाबा परत गेल्यावर होऊ शकते.

शेवटी आईचा आकडा. खरा सांगा, पण एकदाच आणि निघण्यापूर्वी. एकूण अमुक इतके युरो, ते आम्ही या सहलीसाठी बाजूला काढले आहेत, हप्त्यांना हात लावलेला नाही, असं. ती शंभराने गुणेल, लाखभर रुपये ऐकून दचकेल, एखादं वाक्य बोलेल. बोलू द्या. लपवलंत तर ती दर कपाच्या चहाला किंमत विचारत राहील आणि चारही दिवस तोच हिशोब चालू राहील. आणि तिने किंवा बाबांनी ‘एक दिवसाचं जेवण आमच्याकडून’ म्हणून पैसे पुढे केले तर नाही म्हणू नका. त्या दिवशी कुठे जेवायचं आणि काय मागवायचं, तेही त्यांनाच ठरवू द्या.